लिगामेंट फाटली म्हणजे खेळ संपला का?

२६ डिसेंबर १९६२. इंग्लंडमधील संडरलंड क्लबचा २७ वर्षांचा स्ट्रायकर ब्रायन क्लफ सामन्यात गोलरक्षकावर आदळला आणि त्याच्या गुडघ्यातील लिगामेंट फाटल्या. जवळजवळ दोन वर्षांनी तो मैदानात परतला, पण तीनच सामने खेळू शकला. २७४ लीग सामन्यांत २५१ गोल करून त्याची कारकीर्द तिथेच थांबली.

गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारी एक दोरी असते, तिला आपण एसीएल म्हणतो. ती पूर्ण तुटली की सहसा आपोआप नीट जुळत नाही. चालता येते, पण वळताना गुडघा दगा देतो. क्लफच्या काळी एमआरआय नव्हता आणि दुर्बिणीतून नवी लिगामेंट बसवण्याची शस्त्रक्रियाही रूढ नव्हती.

बरोबर तीस वर्षांनी, २६ डिसेंबर १९९२ रोजी, ब्लॅकबर्नच्या ॲलन शिअररची एसीएल फाटली. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाला. पुढच्याच हंगामात त्याने लीगमध्ये ३१ गोल केले. २००६ मध्ये निवृत्त होईपर्यंत प्रीमियर लीगमधील त्याचे गोल २६० झाले.

म्हणून खेळताना गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज आला, काही तासांत सूज आली, तर मालिश करून घेऊ नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही, पण व्यायाम मात्र कोणालाच चुकत नाही.