तळटीप : गिली सूट

* गिली सूट – जाळीच्या कापडावर गोणपाटाच्या चिंध्या, तागाचे सुटे धागे आणि शिकारीच्या जागच्याच गवत-डहाळ्या अडकवून केलेला शिकारी पोशाख. मूळचा स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या शिकाररक्षकांचा. लॉर्ड लोव्हॅट यांनी १९०० मध्ये बोअर युद्धासाठी उभारलेल्या ‘लोव्हॅट स्काउट्स’ या तुकडीमुळे तो ब्रिटिश लष्करात पोचला. कायोटी (उत्तर अमेरिकेतला, लांडग्याहून लहान पण आपल्या कोल्ह्याहून थोराड प्राणी) मारताना त्याचा उपयोग एवढाच, की माणसाची बाह्याकृती मोडते. श्वानकुळातल्या प्राण्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही, त्यामुळे छटा जुळवण्यावर लेखकाने खर्ची घातलेली पाने मला जास्तच वाटतात. कायोटी टिपतो ती हालचाल : शिट्टीकडे जाणारा हात, वळणारी मान. शिट्टीतून काढलेल्या जखमी सशाच्या आवाजाला भुलून आला, तरी पुष्कळदा वळसा घालून, शिकाऱ्यावरून वारा येतो त्या अंगाने वास घेत येतो. तिथे कोणताही पोशाख कुचकामी. बर्फाळ माळावर गिलीऐवजी साधे पांढरे कपडे वापरतात. गोणपाट चटकन पेटते, तेव्हा तो पोशाख घालून शेकोटीजवळ बसू नये, एवढे तरी मूळ मजकुरात यायला हवे होते. – संपा.