चादरीची वाट: आधी लोणी, मग शाळा, आता ट्रेक



गेल्या एक-दोन वर्षांत आमच्या गटांच्या बैठकीत बर्फाचा विषय निघायला लागलाय. पूर्वी सहल म्हटली की पंढरपूर, कोल्हापूर, फार तर अष्टविनायक. आता कुणाचा मुलगा पुण्यात नोकरीला, कुणाची सून मुंबईची. ती पोरं मोबाइलवर दाखवतात, गोठलेली नदी, तिच्यावरून रांगेनं चालणारी माणसं, पाठीवर पिशव्या. "आई, थंडीत सगळे मिळून लडाखला जाऊ या." मग बाया आम्हाला विचारतात, हे आहे तरी काय? खर्च किती? जिवाला धोका नाही ना? आम्ही माहिती काढायला बसलो ती सहलीची, आणि हाती आला त्या वाटेचा इतिहास. तो बायकांनी काढलेल्या लोण्यापासून सुरू होतो, म्हणून आज तोच सांगतो.

या वाटेचं नाव चादर. आपण अंगावर घेतो तीच चादर. झंस्कार नावाची नदी थंडीत गोठते आणि पाण्यावर बर्फाची चादर पसरते, म्हणून हे नाव.

झंस्कार हा लडाखमधला एक भाग. त्याचं मुख्य गाव पदुम, उंची सुमारे ३,६०० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर महाराष्ट्रात सगळ्यात उंच, ते १,६४६ मीटर. म्हणजे तिथली माणसं कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर शेती करतात, गुरं राखतात, लेकरं वाढवतात. चारी बाजूंनी डोंगर. बाहेर पडायचं तर खिंड ओलांडायची. कारगिलकडे जाणारी पेन्सी ला ही खिंड साधारण ४,४०० मीटरवर आहे (तिकडे खिंडीला 'ला' म्हणतात). तिथून पदुमपर्यंत गाडीरस्ता झाला तो १९८०च्या सुमारास. आणि तोही उन्हाळ्यापुरता. नोव्हेंबरात बर्फ पडला की खिंड बंद, ती मे-जूनपर्यंत. वर्षातले सहा-सात महिने दार लावून घेतल्यासारखं.

मग त्या महिन्यांत लोक काय करत? बरेचसे घरातच बसत. खाली गुरं, त्यांच्या उबेवर माणसं, चुलीत शेणी. १८२३ साली हंगेरी देशाचा एक विद्वान, अलेक्झांडर चोमा द कोरोस, तिबेटी भाषा शिकायला झंस्कारमधल्या झांगला गावी येऊन राहिला. तिथल्या राजवाड्यातल्या लहानशा खोलीत त्यानं आपल्या लामा गुरुजींबरोबर कडाक्याची थंडी काढली. पुढं १८३४ साली कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापला गेला. असल्या थंडीत बोटं वाकत नाहीत, हा गडी शब्द लिहीत बसला. असो.

पण सगळेच घरात बसत नसत. जानेवारीत, जेव्हा थंडी सगळ्यात जास्त असते, रात्री उणे वीस-पंचवीस अंश, तेव्हाच झंस्कारला बाहेर पडायची एक वाट उघडायची. डोंगरांच्या मधून खोल घळीतून वाहत जाणारी झंस्कार नदी लेहजवळ निम्मू गावापाशी सिंधूला मिळते. त्या घळीला एरवी पायवाट नाही, दोन्ही बाजूंना उभे कडे. नदी गोठली की नदीच रस्ता. पदुमपासून चिलिंग या तांबटांच्या गावापर्यंत सुमारे शंभर किलोमीटर, आठवडाभराची चाल, पुढं लेह. एरवी थंडीनं रस्ते बंद होतात, हा एक रस्ता मात्र थंडीनं उघडतो.

एवढा जीव धोक्यात घालून लेहला न्यायचं काय? लोणी!

हे लोणी बायकांचं. उन्हाळ्यात झंस्कारच्या बाया गुरं घेऊन उंचावरच्या कुरणात जातात. तिथं दगडांच्या लहान खोपट्या असतात. अशा जागेला तिकडे 'डोक्सा' म्हणतात. झोमो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातली मादी, तिचं दूध दाट. त्या दिवसभर दूध काढतात, विरजतात, घुसळतात, लोणी काढतात, उरलेल्याचं सुकं चीज करतात. गवताचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, त्यात वर्षाची बेगमी. घरी लागेल तेवढं ठेवून बाकीचं लोणी कातड्यात घट्ट बांधून ठेवायचं. लडाखात चहात मीठ आणि लोणी घालतात, त्यामुळं लेहच्या बाजारात लोण्याला गिऱ्हाईक कायम. आणि भर थंडीत भाव बरा. थंडीत ते खराबही होत नाही, हा आणखी एक फायदा. पुरुष ते पाठीवर किंवा लाकडी घसरगाडीवर लादून चादरीवरून नेत आणि येताना चहापत्ती, कापड, भांडी असं सामान आणत.

हा हिशोब वाचताना आम्ही थांबलो. उन्हाळाभर कष्ट बाईचे, बाजारात उभा राहणार पुरुष. पैसा कुणाच्या गाठीला लागत असेल? दूध डेअरीला घालणाऱ्या आपल्या बायांना हा प्रश्न नवा नाही.

आता या प्रवासाची तयारी ऐका, कारण 'प्लॅनिंग' हा शब्द नसतानाचं हे प्लॅनिंग आहे. खायला भाजलेल्या जवाचं पीठ, म्हणजे आपलं सातूचंच म्हणा. त्याला ते 'चांपा' म्हणतात. शिजवायला लागत नाही, चहात कालवलं की गोळा तयार. त्याबरोबर लोणी, सुकं चीज, सुकं मांस. अंगात लोकरीचा जाड झगा, गोंचा. हातात काठी. मुक्कामाला नदीकाठच्या कपारी आणि गुहा, कुठली किती दिवसांच्या वाटेवर हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं. पीठ मोजताना मात्र आठवड्याचं मोजायचं नाही. बर्फ फुटला तर दोन-दोन, तीन-तीन दिवस गुहेत बसून राहावं लागतं, ते दिवस धरून मोजायचं. आम्हाला हे फार पटलं. सहलीचं पाकीट ठरवताना आपण जाण्यायेण्याचे दिवस मोजतो, अडकण्याचे नाही.

चादर म्हणजे एकसारखी फरशी नव्हे. संथ पाण्यावर आणि काठाकाठानं दुधावर साय धरावी तसा बर्फ आधी पातळ धरतो, मग रात्रीच्या थंडीनं जाड होत जातो. खाली नदी वाहतच असते. दुपारी ऊन लागलं, आभाळ आलं, थोडी उबारी झाली की तोच बर्फ कच्चा. कधी बर्फावर पाणी चढतं, कधी ताजा बर्फ पडून खालची भेग झाकली जाते. म्हणून जाणता माणूस पुढं चालतो, काठीनं टोकून आवाज ऐकतो. भरीव आवाज आला तर पाऊल, पोकळ आला तर काठाकडं. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. चादर तुटलेली असेल तर कड्याच्या कपारीला धरून वरून वळसा. कडेवर मूल असलं तरी.

हो, मूल. कारण पुढं या वाटेवर लोण्याबरोबर मुलंही आली.

झंस्कारच्या गावांत शाळा होत्या त्या नावाला. शिकवणं उर्दूत, घरात बोलायची भाषा वेगळी, पुढं नववीला एकदम इंग्रजी. त्या काळात सगळ्या लडाखातच दहावीला बसलेल्या शंभरातली पाच-एक मुलं पास होत. ही स्थिती बदलावी म्हणून १९८८ साली सोनम वांगचुक आणि त्यांच्या सोबत्यांनी 'सेकमोल' ही संस्था काढली. ज्या आईबापांना कळलं की लेहला वसतिगृहाची बरी शाळा आहे, ते मुलाला घेऊन चादरीवरून निघाले. सात-आठ वर्षांचं मूल, रात्री गुहेत बापाच्या झग्यात. लेहला पोचवायचं, शाळेत नाव घालायचं आणि चादर मोडायच्या आत, फेब्रुवारी सरेपर्यंत, माघारी फिरायचं. काही मुलं वर्षानुवर्षं घर बघत नसत. आई बहुधा गावातच राहायची, गुरं कुणी बघायची? चांपा भाजून, मोजे विणून द्यायची आणि वाट बघायची. फ्रान्सचे छायाचित्रकार ऑलिव्हिए फॉल्मी अशाच एका कुटुंबाबरोबर ही वाट चालले. त्यांच्या छायाचित्रांच्या पुस्तकानं चादर जगाला माहीत झाली.

आपल्याकडेही दिवाळीनंतर कुटुंबं घर सोडतात, कोयता घेऊन ऊसतोडीला. तिथं बहुतेकदा मुलाची शाळा सुटते. झंस्कारची माणसं शाळेसाठी बर्फ तुडवत होती. दोन्हीकडं परिस्थितीच तशी, दोष कुणाचा काढायचा? पण हे वाचलं तेव्हा हंगामी वसतिगृहाचे अर्ज भरून घ्यायला आम्ही दारोदार फिरतो ते डोळ्यांपुढं आलं.

लडाख पर्यटकांसाठी खुलं झालं १९७४ साली. आधी परदेशी लोक, मग हळूहळू आपले. गेल्या वीसेक वर्षांत चादर हा मोठा ट्रेक झाला, पुण्या-मुंबईचे ग्रुप दर थंडीत तिकडे जाऊ लागले. लोणी नेणारा तोच झंस्कारी माणूस आता पाहुण्यांचे तंबू आणि स्टोव्ह ओढतो. त्याला थंडीत रोजगार मिळाला, हे चांगलंच झालं. पण घळीत कचरा साठला, गुहांतून गर्दी झाली, आणि बर्फ नीट न धरताही तारीख ठरली म्हणून निघायची घाई आली. मग प्रशासनानं नियम केले: आधी लेहमध्ये मुक्काम करून हवा अंगवळणी पाडायची, डॉक्टरी तपासणी, नोंदणी. हे कुणी जाच मानू नये.

या धंद्यात बाया कुठं होत्या? फारशा नव्हत्याच. वाटाड्या म्हणजे पुरुष, असंच धरून चालत. थिनलस चोरोल या लडाखी बाईंना बाई म्हणून हे काम मिळायला अडचण येऊ लागली, तेव्हा २००९ साली त्यांनी स्वतःच बायकांची ट्रेकिंग कंपनी काढली. वाटाड्याही बायका, ओझेवाल्याही बायका.

दरम्यान नदीनंही आपलं रूप दाखवलं. २०१४च्या अखेरीला झंस्कारच्या वरच्या अंगाला फुक्तलजवळ दरड कोसळून नदी अडली, मागं मोठा तलाव साठला. त्या थंडीत चादरीवर जायला बंदी आली. ७ मे २०१५ला तो बांध फुटला आणि खालच्या गावांचे पूल वाहून गेले. शिवाय अलीकडं चादर बऱ्याचदा उशिरा धरते, लवकर मोडते, मधेच ट्रेक थांबवावे लागतात. त्याच घळीतून रस्ताही खोदला गेला. मार्च २०२४मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडला गेला आणि त्याच वर्षी जुलैत शिंकू ला खिंडीखालच्या बोगद्याचं काम सुरू झालं. तो झाला की झंस्कारचं दार बारा महिने उघडं. आजारी बाईला, बाळंतिणीला दवाखाना गाठता येईल. चादरीवरची कमाई कमी होईल म्हणून कुणी हळहळतं, पण बर्फावरून मूल शाळेत न्यायची वेळ येऊ नये, असंच कुठल्याही आईला वाटेल.

आता ज्यांच्या घरी बेत शिजतोय त्यांच्यासाठी. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, दम्याचे किंवा हृदयाचे दुखणेकरी यांनी चादरीचं नाव काढू नये. बर्फच बघायचा तर लेह आणि आसपास पुष्कळ आहे. विमानातून थेट साडेतीन हजार मीटरवर उतरतो, तेव्हा पहिले दोन-तीन दिवस नुसती विश्रांती. फिरायला धावायचं नाही. डोकं फुटल्यासारखं दुखलं, उलटी झाली, झोपून दम लागला तर लाजायचं नाही, डॉक्टर गाठायचा. थंडीत नळ गोठतात, पाणी बादलीनं मिळतं. एका जाड कपड्यापेक्षा अंगावर तीन पातळ थर घ्यावेत, पायाला कोरडे लोकरीचे मोजे. रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःजवळ. आणि दोन दिवसांचा जादा पैसा वेगळा बांधून ठेवायचा, कारण हवा बिघडली की विमान रद्द होतं.

राहायला आम्ही हॉटेलपेक्षा घरगुती मुक्काम सुचवू. लेहजवळ रुंबक गावात हिमबिबट्या वाचवायच्या कामातून २०००नंतर घराघरांत पाहुणे ठेवायची पद्धत सुरू झाली. आधी हा बिबट्या शेळ्यामेंढ्या मारतो म्हणून लोक त्याच्यावर चिडून असत. आता थंडीत त्यालाच बघायला पाहुणे येतात. पाहुण्यांचं सगळं बहुतेक घरच्या बाया बघतात. दर ठरलेला, आणि पाहुणे पाळीपाळीनं घराघरांत वाटून दिले जातात, म्हणजे एकाच घराला सगळं गिऱ्हाईक नको. मिळकतीतला काही हिस्सा गावाच्या निधीत जातो. रात्री चुलीभोवती सगळे बसतात, थुक्पा नावाची गरम पेज असते, आणि लोण्याचा खारट चहा पुढं येतो. पहिला घोट चहा समजून घेतला तर तोंड वाकडं होतं, कढण समजून घेतला तर जातो.