सांगोल्याचा कौल

निवडणुकांचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे दृष्टी सहजच राजधानीकडे वळते. कोणत्या पक्षास किती जागा मिळाल्या, मुख्यमंत्री कोण झाले, मंत्रिमंडळ किती दिवस टिकले, ह्या गोष्टींनीच त्या इतिहासाची पाने भरतात. परंतु मताची पेटी उघडते ती तालुक्याच्या गावी, आणि प्रतिनिधी व मतदार ह्यांचे नाते जुळते किंवा तुटते तेही तेथेच. ह्या नात्याचा शोध घेण्यास सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघासारखे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. १९६२ ते २०१४ ह्या बावन्न वर्षांत ह्या मतदारसंघाने गणपतराव देशमुख ह्या एकाच गृहस्थास, शेतकरी कामगार पक्ष ह्या एकाच पक्षातर्फे, अकरा वेळा विधानसभेत पाठविले. वरवर पाहणारास असे वाटेल की, येथील मतदारांनी आमदारकी एखाद्या वतनासारखी लिहून दिली होती. आकडे मात्र निराळीच साक्ष देतात.

सांगोला हा माणदेशाच्या पूर्वेकडील तालुका. माण नदी त्यातून वाहते आणि पुढे भीमेस मिळते. पण वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडेच असते. पावसाचे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि ह्या मुलखाच्या वाट्यास उरलासुरला शिडकावा येतो. अशा ठिकाणी राजकारणाचा पहिला प्रश्न पाण्याचा, दुसरा कामाचा, आणि तिसरा जनावरांच्या चाऱ्याचा असावयाचा. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी काँग्रेसबाहेर पडून उभारलेल्या शेतकरी कामगार पक्षाची भाषा ह्या प्रश्नांच्या जवळची होती. त्या पक्षाचा तरुण वकील म्हणून गणपतराव सांगोल्यात आले. त्यांचे मूळ गाव मोहोळ तालुक्यातील पेनूर. म्हणजे जन्माने ते सांगोल्याचे नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९६२ साली झाली. काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षास अवघ्या १५ मिळाल्या. त्या पंधरांत सांगोला होते. १९६७ साली पक्षाच्या जागा १९ झाल्या आणि सांगोल्याने आपला कौल कायम ठेवला. परंतु १९७२ साली इंदिरा गांधींच्या लोकप्रियतेची लाट आली. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या, आणि सांगोल्यातही काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील ह्यांनी गणपतरावांचा पराभव केला. ज्यास मतदारांनी दोनदा निवडून दिले त्यासच तिसऱ्या वेळी त्यांनी घरी बसविले. १९७४ साली पोटनिवडणूक झाली, तेव्हा त्याच मतदारांनी त्यांना परत बोलाविले. मधल्या दोन वर्षांत महाराष्ट्राने शतकातील एक अतिभीषण दुष्काळ सोसला होता. खडी फोडणाऱ्या माणसाच्या मजुरीचा प्रश्न जो विचारील तो आपला, अशी त्या काळच्या सांगोल्याची भावना असल्यास नवल नाही.

येथून पुढे १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा चार सार्वत्रिक निवडणुका गणपतरावांनी ओळीने जिंकल्या. १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात, आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. पण त्यांच्या हयातीचा मोठा भाग विरोधी बाकांवरच गेला. सत्तेच्या छायेत राहून मतदारसंघ सांभाळणारे पुष्कळ असतात. सत्तेवाचून तो पन्नास वर्षे सांभाळणे हे निराळे काम आहे. आमदार असूनही एस. टी. ने प्रवास करण्याचा त्यांचा परिपाठ, कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात उभी राहिलेली सहकारी सूतगिरणी, आणि नागनाथअण्णा नायकवडी ह्यांच्यासह आटपाडीच्या पाणी परिषदेतून त्यांनी लावून धरलेली कृष्णेच्या पाण्याची मागणी, ही ह्या कामाची साधने होत. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी तालुक्यांकडे वळविण्याची योजना अशा दीर्घ आग्रहाचेच फळ आहे.

इतके असूनही १९९५ साली सांगोल्याने त्यांना पुन्हा पराभूत केले. त्या वर्षी राज्यात वारे काँग्रेसच्या विरुद्ध वाहत होते. शिवसेना व भारतीय जनता पक्ष ह्यांची युती प्रथमच सत्तेवर आली. सांगोल्यात मात्र काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले, आणि तेही केवळ १९२ मतांनी. १९७२ साली हा मतदारसंघ राज्याच्या लाटेबरोबर गेला होता. १९९५ साली तो लाटेच्या उलट गेला. ह्यावरून एवढे निश्चित दिसते की, येथील मतदार आपला हिशेब स्वतः मांडत होता.

१९९९ साली गणपतराव परतले आणि २००४, २००९ व २०१४ ह्या निवडणुकाही त्यांनी जिंकल्या. ह्याच काळात त्यांचा पक्ष मात्र ओसरत चालला होता. १९८५ साली ज्या पक्षाच्या १३ जागा होत्या, त्याच्या १९९९ साली ५ आणि २००४ साली २ उरल्या. त्या दोहोंतही सांगोला होतेच. २००८ च्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातील भाळवणी मंडळ मतदारसंघास जोडले गेले, तरी निकाल बदलला नाही. २०१४ साली शिवसेनेचे उमेदवार झालेल्या शहाजीबापूंचा त्यांनी सुमारे २५ हजार मतांनी पराभव केला.

खरी कसोटी पुढे होती. वयाची नव्वदी ओलांडलेले गणपतराव २०१९ साली निवडणुकीपासून दूर राहिले आणि त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. आजोबांची पुण्याई नातवास मिळते की नाही, असा सरळ प्रश्न मतपेटीपुढे आला. दोन्ही प्रमुख उमेदवारांस प्रत्येकी लाखाच्या किंचित आत मते पडली, आणि शहाजीबापू ७६८ मतांनी विजयी झाले. अकरा विजयांचा वारसा ७६८ मतांनी थांबला! गणपतरावांनी हा निकाल पाहिला आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. शहाजीबापू एकनाथ शिंदे ह्यांच्या पक्षास मिळाले. गुवाहाटीच्या मुक्कामातून दूरध्वनीवर त्यांनी केलेले तेथील झाडी-डोंगरांचे वर्णन महाराष्ट्रभर गाजले आणि सांगोल्याचे नाव घरोघरी पोहोचले. परंतु कीर्ती आणि मत ह्या भिन्न वस्तू आहेत. २०२४ साली गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख ह्यांनी शेतकरी कामगार पक्षातर्फे त्यांचा सुमारे २५ हजार मतांनी पराभव केला. त्या वर्षी राज्यभरात त्या पक्षास मिळालेली ही एकमेव जागा होय.

ह्या निकालास वारशाचा विजय म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. शिवसेनेच्या ठाकरे गटाचे दीपक साळुंखे हेही रिंगणात होते आणि त्यांनी सुमारे ५० हजार मते घेतली. विजयी उमेदवाराच्या मतांहून दोन पराभूतांच्या मतांची बेरीज अधिक भरते. म्हणजे आजही सांगोला कोणाचेच नाही; त्याने जे दिले आहे ते पाच वर्षांपुरते दिले आहे.

अकरा विजयांची कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, आणि ती तशी सांगण्याजोगी आहेही. तथापि त्या विजयांना मोल आले ते १९७२ व १९९५ च्या पराभवांमुळे. जो मतदार आपल्या आवडत्या माणसासही १९२ मतांनी का होईना नाकारू शकतो, त्याच मतदाराने पुढच्या खेपेस त्याला परत आणले तर तो विश्वास ठरतो. एरवी ती केवळ सवय ठरली असती. कोरड्या नदीच्या काठच्या ह्या माणसांनी आपला प्रतिनिधी दर वेळी नव्याने पारखून घेतला. पाण्याचा घोट घेण्यापूर्वी घागर तपासावी लागते, हे दुष्काळी मुलखास कोणी शिकवावे लागत नाही.