टॅरास्कचा वध

दक्षिण फ्रान्समधील तारास्कोन गावच्या आख्यायिकेत संत मार्था तारास्क या नरभक्षक प्राण्यावर पवित्र जल शिंपडते, त्याला क्रूस दाखवते आणि आपल्या कमरपट्ट्याने बांधते. मेंढरासारख्या निमूट झालेल्या त्या प्राण्याला मग गावकरी ठार करतात. (यात शौर्य ते कसले!)

१९८३ साली गॅरी गायगॅक्स यांनी हाच प्राणी 'टॅरास्क' म्हणून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात आणला, तो जवळजवळ अमर करूनच. ३०० हिट पॉइंट्स, आपोआप भरणाऱ्या जखमा, मंत्र परतवणारे कवच. हिट पॉइंट्स उणे ३० पर्यंत उतरवून वर 'विश' मंत्राने त्याचा मृत्यू मागायचा, एवढाच उपाय. खेळाडूंचा वाद इथेच रंगला: मारावे, की दुसऱ्या लोकात हाकलून मोकळे व्हावे? हिरण्यकशिपूच्या वरातली फट शोधण्याचाच हा प्रकार.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत 'विश'ची अट गेली, जखमा भरणेही थांबले. हिट पॉइंट्स मात्र ६७६ झाले. आता उडता येणाऱ्या धनुर्धराने दुरून जादूचे बाण सोडत राहावे, हा हिशेबी तोडगा पुढे आला. तो बिनतोड असेल. पण बळ संपल्यावर शब्दाची गरज पडणे, हा मार्थेशी जुळणारा एकमेव धागा त्या अटीतच होता.