ड्यूई कॉक्सने नक्की कुणाला मारलं?

गायक-वादकांच्या चरित्रपटांवर बोलणं निघालं की सिनेमाच्या जाणकारांकडून एक निकाल हमखास ऐकू येतो : ‘वॉक हार्ड’ने हा प्रकारच संपवला, त्यानंतर कुणी सरळ चेहऱ्याने असा सिनेमा काढायलाच नको होता. जेक कॅस्डनने दिग्दर्शित केलेला आणि जड ॲपटॉवसोबत लिहिलेला हा सिनेमा २००७च्या डिसेंबरात अमेरिकेत लागला. ड्यूई कॉक्स या काल्पनिक गायकाची कर्मकहाणी. गरिबी, भावाचा मृत्यू, कीर्ती, व्यसनं, बायका, पडझड, शेवटी सन्मान. जॉन सी. रायलीने ड्यूई असा काही उभा केलाय की हसून पोट दुखतं. हे सगळं कबूल. पण वरचा निकाल मला पटत नाही.

आधी व्यवहाराचं बोलू. ‘वॉक हार्ड’ सपशेल पडला. साधारण साडेतीन कोटी डॉलर खर्चून जगभरातून जेमतेम दोन कोटी आले. उलट अकरा वर्षांनी आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ने नव्वद कोटींच्या वर कमावले आणि चार ऑस्करही नेले. यावर जाणकारांचं उत्तर तयार असतं : प्रेक्षकांना अक्कल नाही आणि निर्मात्यांना लाज नाही. हा राग झाला, युक्तिवाद नव्हे. आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्याला आख्यान तोंडपाठ असतं, तरी तो बसतो. बुवा ते कसं रंगवतात हे त्याला बघायचं असतं. साचा ओळखीचा आहे हे प्रेक्षकाला कॅस्डनने सांगण्याआधीपासून ठाऊक होतं.

खरा प्रश्न वेगळा आहे. हा सिनेमा हसतो कशाला? पूर्वपक्ष म्हणतो, घिस्यापिट्या प्रसंगांना. पण हे प्रसंग पटकथाकारांनी पदरचे घातलेले नाहीत. जॉनी कॅशचा भाऊ जॅक १९४४ साली करवतीने जखमी होऊन खरोखर गेला. रे चार्ल्सचा धाकटा भाऊ जॉर्ज त्याच्या डोळ्यांदेखत कपडे धुण्याच्या टबात बुडाला. ‘रे’ (२००४) आणि ‘वॉक द लाइन’ (२००५) हे दोन्ही सिनेमे त्या मृत्यूंभोवती फिरतात. अमली पदार्थ, मोडलेले संसार, तेही या दोघांच्या आयुष्यात होतेच. घडलेल्या गोष्टीला साचा म्हणून हिणवणं सोपं आहे, पण त्यात न्याय नाही.

‘वॉक हार्ड’चा नेम प्रसंगांवर नाहीच, प्रसंग आणि गाणं यांच्यामध्ये चरित्रपट जे ‘म्हणून’ घालतो त्यावर आहे. भाऊ गेला म्हणून गाणं आलं. बापाने झिडकारलं म्हणून व्यसन लागलं. ड्यूईच्या लहानपणी दोघे भाऊ कोयते घेऊन लुटुपुटीची लढाई खेळतात आणि भाऊ कमरेतून सरळ दोन तुकडे होतो. वरचा अर्धा भाग शुद्धीत राहून ड्यूईशी बोलतो. मग बाप एक वाक्य उच्चारतो, चुकीचा पोरगा मेला अशा अर्थाचं, आणि पुढची कित्येक वर्षं जिथे भेटेल तिथे तेच बोलतो. पहिल्यांदा ते वाक्य कारण असतं. पाचव्यांदा ती नुसती खोड उरते. आयुष्यभराच्या जखमेचा उलगडा एका वाक्यात कसा उरकला जातो, ते इतक्या नेमकेपणाने समीक्षेच्या पुस्तकातही क्वचित सापडेल.

सिनेमाची सुरुवातही अशीच. मैफल सुरू व्हायची आहे, ड्यूई भिंतीला टेकून उभा, बोलवायला आलेल्या माणसाला ढोलकवाला सॅम थांबवतो : गाण्याआधी याला अख्खं आयुष्य आठवावं लागतं. आणि महर्षींच्या सहवासातल्या बीटल्सचा प्रसंग! चौघांपैकी एकही नट मूळ माणसासारखा दिसत नाही. म्हणून सगळे एकमेकांना पूर्ण नावाने, वर ‘बीटल्स’चा शिक्का मारून हाका मारतात. थट्टा चाललीय ती प्रेक्षकाला हाताला धरून चालवणाऱ्या संवादांची. बीटल्स बिचारे निमित्तमात्र.

पूर्वपक्षाला सर्वांत अडचणीची आहेत ती गाणी. मार्शल क्रेनशॉ, डॅन बर्न, माइक व्हायोला अशा कसलेल्या मंडळींनी ती लिहिली, रायलीने स्वतः गायली. ब्रायन विल्सनच्या वळणाच्या गाण्यासाठी बोलावलं कुणाला, तर व्हॅन डाइक पार्क्सला, ज्याने साठच्या दशकात खुद्द विल्सनबरोबर ‘स्माइल’चं काम केलं होतं. ज्याचा खून करायचा त्याच्या घरच्यांना कुणी एवढ्या मानाने बोलावत नाही. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ची जात हीच. रविकिरण मंडळाची रेवडी उडवायची तर वृत्तावर त्यांच्याइतकीच हुकमत लागते, आणि त्या विडंबनामुळे यशवंतांची ‘आई’ काही पाठांतरातून गेली नाही.

आता पूर्वपक्षाचा शेवटचा मोहरा : ‘वॉक द लाइन’चा दिग्दर्शक जेम्स मॅनगोल्ड यानेच २०२४मध्ये डिलनवर ‘अ कम्प्लीट अननोन’ काढला आणि त्यात बालपण नाही, बाप नाही, जखम नाही, १९६१ ते ६५ एवढाच काळ. म्हणजे ड्यूईने त्याला धडा शिकवला, असा दावा. तसं असेलही. पण टॉड हेन्सने सहा नटांकडून डिलनची रूपं वठवून घेतलेला ‘आय ॲम नॉट देअर’ २००७च्याच नोव्हेंबरात, ‘वॉक हार्ड’च्या महिनाभर आधी, अमेरिकेत लागला होता. डिलनचं आयुष्य कार्यकारणात बसवायला त्याने साफ नकार दिला होता, आणि त्याला कुणाच्या विडंबनाची गरज पडली नव्हती. ती वाट आधीच खुली होती. ‘वॉक हार्ड’ त्या वाटेने गेलाच नाही. तो जुन्याच रस्त्याने, बालपणापासून सन्मानसोहळ्यापर्यंत, एकही थांबा न चुकवता गेला. शेवटच्या सोहळ्यात म्हातारा ड्यूई गायला उभा राहतो तेव्हा, दीड तास खिदळलेला प्रेक्षक ते गाणं चक्क मन लावून ऐकतो.