मिरीचे जाते आणि कातारी

मराठी समीक्षेत 'कातीव' हे विशेषण फार सैल हाताने वापरले जाते. नाक कातीव असते, देह कातीव असतो, क्वचित एखाद्या कवीची ओळही कातीव ठरते. हा शब्द लिहिताना कातारी कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आमच्याही येत नसे. कातणे म्हणजे सूत काढणे, एवढेच आता सर्वांस ठाऊक. परंतु फिरत्या लाकडास हत्यार लावून त्यातून गोल घडवणे, यासही मराठीत कातणेच म्हणत आले आहेत, आणि ते करणारा तो कातारी. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे नक्षीदार दांडे, देव्हाऱ्याचे खांब ही त्याची कामे. यांपैकी एकाही वस्तूवर त्याचे नाव नसते. प्रस्तुत लेखात या धंद्याचा इतिहास आम्ही एका परक्या वस्तूच्या आधाराने पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे युरोपीय जेवणाच्या टेबलावरचे लाकडी मिरीचे जाते. तिला 'पेपर मिल' म्हणावे तर मराठी वाचकास कागदाचा कारखाना आठवतो. म्हणून जाते हाच शब्द आम्ही पत्करला आहे. दोन दगडांऐवजी दोन पोलादी दातेरी भाग, एवढाच काय तो फरक.

मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्याची; कातारीही आपल्याकडे पूर्वापार आहे. तरीही हे जाते आपल्याकडे जन्मले नाही, याचे कारण उघड आहे. आपल्याकडे मिरी स्वयंपाकघरात, खलबत्त्यात कुटली जाते आणि पातेल्यात पडते. पानात बसलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने ती वर घालावी अशी रीत नाही. युरोपात मात्र मीठ आणि मिरपूड टेबलावर आली आणि जेवणाऱ्याच्या हाती गेली. तिथे गेल्यावर एक प्रश्न उभा राहिला: ही पूड नेमकी कशाची?

हा प्रश्न संशयी माणसाचा नव्हता. लंडनमध्ये राहणारा जर्मन रसायनज्ञ फ्रीडरिख आकुम याने 1820 साली अन्नातील भेसळीवर एक ग्रंथ लिहिला. मिरपुडीत कोठारांच्या जमिनीवरची झाडलोट मिसळली जाते आणि व्यापाऱ्यांच्या भाषेत त्या मालाला सांकेतिक आद्याक्षरेही आहेत, असे त्याने नोंदवले. याहून थक्क करणारी गोष्ट अशी की अख्खी मिरीसुद्धा खोटी निघे. जवसाची पेंड, चिकणमाती आणि थोडे तिखट यांच्या गोळ्या करून त्या खऱ्या दाण्यांत मिसळल्या जात. परीक्षा सोपी होती. दाणे पाण्यात टाकावेत. खोटे विरघळून त्यांचा चिखल होतो, खरे तसेच राहतात. दाणा अख्खा असेल तर निदान परीक्षा घेता येते. पूड झाल्यावर ती वाट बंद होते. आपल्या देखत दळलेली मिरी ही म्हणूनच केवळ चोखंदळ जिभेची चैन नव्हती.

जिभेचे कारणही खरेच आहे. मिरीचा तिखटपणा ज्या द्रव्यात असतो ते पाइपरीन, हान्स क्रिस्टियन अर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने 1819 साली वेगळे काढले. पुढच्याच वर्षी विद्युतप्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे त्याने दाखवले, आणि जगाने त्याला त्यासाठी लक्षात ठेवले. पाइपरीन सहजी उडून जात नाही. उडतात ती सुगंधी तेले. म्हणून शिळी मिरपूड जिभेला लागते, पण नाकाला सापडत नाही. मिठाचे तसे नाही. त्यात उडून जाण्याजोगे काही नसल्याने ताजे दळलेले मीठ चवीला निराळे ठरण्याचे कारण नाही. निराळा असतो तो फक्त कणांचा आकार. मिठाचे जाते हे बरेचसे मिरीच्या जात्याला जोड हवी म्हणून आलेले आहे. शिवाय मीठ पोलादाला गंज चढवते, त्यामुळे त्याच्या पोटात चिनी मातीचे किंवा न गंजणारे दाते बसवावे लागतात. बाहेरून जुळी दिसणारी ही भावंडे आतून वेगळी असतात.

दळणाऱ्या यंत्राचा इतिहास व्यवस्थित लिहिलेला आहे. फ्रान्सच्या पूर्वेस, एरिमाँकूर येथे, पेजो घराण्यातील दोघा भावांनी 1810 साली घरच्या पिठाच्या गिरणीचे पोलादाच्या कारखान्यात रूपांतर केले. करवतीची पाती हा त्यांचा सुरुवातीचा माल. 1840 साली त्यांच्या घराण्याने कॉफी दळण्याचे यंत्र काढले आणि 1874 साली टेबलावरचे मिरीचे जाते. मोटारगाड्यांमुळे हे नाव जगास ठाऊक झाले. परंतु त्यांचे पहिले वाहन 1889 चे, म्हणजे जाते गाडीहून 15 वर्षांनी थोरले. गिरणी मोडून पोलाद केले आणि पोलादातून पुन्हा गिरणी केली, असा हा फेरा. त्यांच्या यंत्रातील युक्ती अशी की नागमोडी खाचा मिरीचा दाणा आधी धरतात, मग फोडतात आणि शेवटी खालचे बारीक दाते तो दळतात. माथ्यावरची गोळी पिळली की दोन भागांतील फट कमीजास्त होते.

या इतिहासात गोळीखालच्या लाकडाविषयी मात्र एखादेच वाक्य असते: लाकूड बीचचे. वास नसलेले, बारीक पोताचे, लेथवर गुळगुळीत उतरणारे. बस्स.

लेथ पोलादी जात्यापेक्षा किती जुना आहे हे पाहिले की हे मौन अधिक खुपते. इजिप्तमधील पेतोसिरिस याच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास कोरलेल्या दृश्यात, दोन माणसे लेथवर काम करताना दिसतात. एक दोरी ओढून लाकूड फिरवतो, दुसरा हत्यार धरतो. थडगे पेतोसिरिसचे, चित्र त्यांचे. दोरी मागेपुढे ओढली की लाकूडही उलटसुलट फिरते आणि हत्यार अर्धा वेळ रिकामे राहते. युरोपात दोरीचे एक टोक लवचिक खांबास आणि दुसरे पायटास बांधून एका माणसाचे काम वाचवले, पण फिरणे उलटसुलटच राहिले. सलग फिरणारा लेथ हळूहळू रुळला. शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाने 1701 मध्ये कातकामावर ग्रंथ छापला, तोवर ही कला राजेरजवाड्यांचा छंदही झाली होती. रशियाचा पहिला पीटर हस्तिदंत कातत असे. त्याचे लेथ आणि त्याने कातलेल्या वस्तू जपून ठेवल्या गेल्या. पोटासाठी कातणाऱ्याच्या वस्तू मात्र वापरून झिजल्या आणि शेवटी चुलीत गेल्या.

मिरीच्या जात्याचे लाकूड कातणे वाटते तितके सोपे नाही. ठोकळा नीट वाळलेला हवा, नाहीतर कातून झाल्यावर आकसतो. आणि लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नसल्याने गोल भोक लंबगोल होते, माथा अडकून बसतो. प्रथम मधून आरपार भोक पाडतात, बहुधा दोन्ही टोकांकडून, कारण लांब गिरमिट वाट सोडते. मग ठोकळ्याचे माथा आणि धड असे दोन तुकडे करतात, माथ्याला खाली जीभ काढतात, धडात ती बसवतात आणि दोन्ही एकत्र लेथवर चढवून बाहेरचा आकार उतरवतात. कसब दिसते ते सांध्यात. दोन्ही तुकडे एकाच ठोकळ्याचे असल्याने लाकडाच्या रेषा खालून वर सलग जायला हव्यात. सांधा एखाद्या खाचेच्या सावलीत लपायला हवा. चांगल्या जात्याचा सांधा माथा फिरवल्याशिवाय सापडत नाही.

विसाव्या शतकात या लाकडाला एकदाचे नाव मिळाले, पण ते कातणाऱ्याचे नव्हते. डेन्मार्कचा येन्स क्विस्टगोर (1919–2008) हा मूर्तिकाराचा मुलगा. 1954 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'डान्स्क' या कंपनीसाठी त्याने सागवानी जात्यांचे कितीतरी आकार रेखाटले. कुठे बुद्धिबळाच्या मोहऱ्याची आठवण, कुठे घंटेची, कुठे मनोऱ्याची. अनेकांत मीठ वरून शिंपडायचे आणि मिरी खालून दळायची, अशी एकाच देहात दोघांची सोय होती. आतले यंत्र पुष्कळदा पेजोचेच असे. आज संग्राहक ही जाती जपतात, त्यांच्यावर पुस्तक निघाले आहे. रेखाटणाऱ्याचे नाव आहे, यंत्रावर पेजोचा सिंह आहे, लाकूड सागवान हेही नोंदलेले असते. सागात वाळूसारखे कण असतात आणि ते पटाशीची धार लवकर खातात. ती धार दिवसातून किती वेळा लावावी लागली, हे ज्याला ठाऊक होते त्याची नोंद नसते.

क्विस्टगोरचे श्रेय कमी करावे असा आमचा हेतू नाही. रेषा त्याचीच होती. यंत्रानेही कातारी गिळला, असे सरधोपट विधान आम्ही करणार नाही. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्डने 1819 साली बंदुकीचे दस्ते एका नमुन्यावरून उतरवणारा लेथ केला, आणि नमुन्याबरहुकूम कातण्याची वाट मोकळी झाली. त्यामुळे वस्तू स्वस्त झाली, साध्या घरांतही पोचली. हे वाईट नव्हे. गंमत अशी की आता उलट फेरा सुरू झाला आहे. छंद म्हणून कातणारे लोक दळणारे यंत्र दुकानातून तयार आणतात आणि देह स्वतः कातून त्यावर चढवतात. पूर्वी कारखान्याला कातारी लागे. आता या हौशी कातारीला कारखाना लागतो. तो स्वतःच्या वस्तूच्या तळाशी नाव कोरतो, तारीख घालतो. पोटासाठी कातणाऱ्यांना शतकानुशतके जे जमले नाही ते हौसेने कातणाऱ्यास सहज जमते, यात पीटर राजाच्या काळापासून फारसा बदल झालेला नाही.

जे जाते भेसळीच्या शतकात रुजले, डोळ्यांदेखत दळले जावे म्हणून ज्याला मोल आले, त्याचा घडवणारा मात्र कधी डोळ्यांसमोर आला नाही. आमच्या घरातल्या लाटण्याचेही तेच आहे. मध्ये किंचित फुगीर, दोन्हीकडे निमुळते, मुठीजवळ एक बारीक खाच. कोणी कातले ते आम्ही विकत घेतानाही विचारले नव्हते. 'कातीव' हा शब्द मराठीत राहील, राहावा. तो नाकाला आणि कवितेला लावण्याआधी एकदा त्या लाटण्याला लावून पाहावा, एवढेच.