मागाला मालक नव्हता

आपल्या समाजाचा इतिहास सांगताना महारकीचाच पाढा वाचला जातो. पण वर्धा-नागपूरकडचे आपले कितीतरी पूर्वज माग चालवीत. जाडंभरडं कापड विणायचं, बाजारात नेऊन विकायचं. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, गिरणीचे सूत-कापड स्वस्त झाले, पुढे हिंगणघाट-पुलगावला गिरण्या उभ्या राहिल्या. माग मोडले. कुणी गिरणीत शिरले, कुणी घरीच विणत राहिले. दोघांच्या म्हातारपणात फरक पडला तो इथून.

परमपूज्य बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. कामगार विम्याची तयारी त्यांच्याच काळात झाली, कायदा 1948 ला आला. 1952 ला भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला, पण सुरुवातीला सहाच उद्योगांतल्या 50 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना. त्यात कापडगिरण्या होत्या. म्हणून आम्हा गिरणीवाल्यांच्या पगारातून कपात झाली, मालकालाही वाटा भरावा लागला. 1995 ला पेन्शन योजना आली, 2014 ला किमान पेन्शन 1000 रुपये ठरली. हजारात काय येते ते किराणावाल्याला विचारा! तरी काहीतरी येते. घरी माग चालवणाऱ्याला तेही नाही, कारण वाटा भरायला त्याला मालकच नव्हता.

याच वर्ध्यात 1934 ला ग्रामोद्योग संघ निघाला, 1938 ला मगन संग्रहालय उघडले. कारागिराच्या हातांचे कौतुक पुष्कळ झाले. ते हात थकल्यावर खायचं काय, हा प्रश्न मागेच राहिला.

बाबासाहेबांनी मात्र 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मागणी केली होती की विमा सरकारच्या ताब्यात असावा आणि प्रत्येक सज्ञान नागरिकाला आयुर्विमा सक्तीचा असावा. कामगाराला नव्हे, नागरिकाला! त्यात विणकर आला, गवंडी आला, घरी शिलाई मशीन चालवणारी आपली बहीणही आली. राज्यघटनेत ती तरतूद आली नाही.

2008 ला असंघटितांसाठी कायदा झाला. 2023 च्या विश्वकर्मा योजनेत 18 धंदे घेतले, अवजारांना 15,000 रुपये आणि 5 टक्क्यांनी कर्ज ठेवले. हातमाग विणकर त्या यादीत नाही आणि पेन्शनही त्यात नाही. 2015 च्या अटल पेन्शनमध्ये साठीनंतर महिना 1000 ते 5000 मिळतात, मात्र नाव 18 ते 40 वयातच घालावे लागते. आपल्या वस्तीतल्या शिलाईवाल्या बहिणी, गवंडी भाऊ यांच्यापैकी ज्यांची चाळिशी उलटली नाही, त्यांनी बँकेत जाऊन यावे. ज्यांची उलटली, त्यांना 65 पर्यंत थांबून श्रावणबाळचा अर्ज करायचा, तोही वर्षाचे उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला जोडून.